खोट्या कानांचा भुर्दंड

मोहोळात माझ्याकडे गाणं रेकॉर्ड करायला येणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. खर्च किती, आणि व्ह्यू किती येतील? पहिल्याचं उत्तर मी लगेच देतो. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच प्रामाणिक माणसाकडं नसतं. ते विकणारे मात्र बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांच्या धंद्याचा मार आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या कलावंतांवर कसा बसतो हे मी फार जवळून पाहिलं आहे. तेच इथं सांगायचं आहे.

माझा स्टुडिओ म्हणजे बाजारपेठेतल्या एका दुकानामागची खोली. एका भिंतीला फोम, बाकीच्या भिंतींना गोधड्या. पुणे-सोलापूर हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न आत येतात, म्हणून महत्त्वाचं गायन आम्ही रात्री उशिरा घेतो. नागनाथांच्या यात्रेआधी भजनी मंडळं येतात. शिवजयंती जवळ आली की पोवाडे, मार्च उजाडला की १४ एप्रिलसाठी भीमगीतं. गोंधळी येतात, बँजो पार्टीवाले येतात, आणि लेकीच्या लग्नात वाजवायला पाठवणीचं गाणं करून घेणारा एखादा बापही येतो. गाणं तयार झालं की ते ऑनलाइन चढवायचं, पोस्टर करायचं, गीतकार-संगीतकारांची नावं नीट भरायची आणि पुढं त्याच्या आकड्यांवर लक्ष ठेवायचं, हे सगळं माझ्याकडंच असतं. बहुतेकांची गाणी माझ्या एकाच खात्यातून जातात, कारण स्वतंत्र खातं काढून त्याची इंग्रजी कागदपत्रं सांभाळणं त्यांना झेपणारं नसतं.

आमच्या भागात गाण्याचा बाजार नवा नाही. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटवरून घराघरांत गेला. पुढं आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी तो वारसा चालवला. कॅसेट गेली, सीडी आली, मग मोबाइलचं कार्ड भरून देण्याचे दिवस आले. कार्ड भरणाऱ्या दुकानदाराला पैसे मिळत, गाणाऱ्याला दमडी नाही. कॉलरट्यूननं काही काळ थोडा आधार दिला. नंतर डेटा स्वस्त झाला, जिओसावन-गाना घरोघरी पोचले, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, आणि मोहोळचा पोरगा कुठल्याही कंपनीच्या दारात ताटकळत न बसता स्वतःचं गाणं जगापुढं ठेवू लागला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते किती जणांनी, कुठं ऐकलं याचा हिशेब त्याच्या हातात आला. कॅसेटच्या काळात हा हिशेब कंपनीच्या वहीत असायचा आणि ती वही कलावंताला कुणी दाखवत नसे. म्हणून हा आकडा आमच्यासाठी नुसता मिरवण्याचा विषय नाही. छोट्या कलावंताजवळ तेवढंच एक भांडवल असतं.

ज्या गाण्यामुळं मी हे लिहायला बसलो, ते सीना नदीकाठच्या एका पोराचं. हंगामात तो कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांबरोबर रात्री-अपरात्री फडात थांबावं लागतं, त्यातून त्याला गाणं सुचलं. हलगीला शेजारच्या गावचे आण्णा होते, यात्रा आणि वराती गाजवलेला जुना हात. रेकॉर्डिंगच्या रात्री आण्णांनी अंगणात उसाचं पाचट पेटवून हलगी शेकली. चामडं तापलं की ताणलं जातं, आवाज चढतो. खोलीत येऊन चार ठेके वाजवले की थंड पडायला लागतं आणि आवाज उतरतो. म्हणून प्रत्येक कडव्यानंतर थांबायचं, बाहेर जाऊन परत शेकायची, परत तोच आवाज आला का हे कान देऊन बघायचं. माइक जवळ ठेवला तर काडीचा कडकडाट सगळं खाऊन टाकायचा. लांब ठेवला तर खोलीचा घुमारा यायचा. शेवटी माइक हलगीसमोरून काढला आणि आण्णांच्या खांद्यामागं, जरा उंचावर लावला. तेव्हा हलगी मिरवणुकीत जशी कानावर येते तशी आली. त्या ठेक्यावर पोरानं गाणं एका दमात म्हटलं.

दिवाळीनंतर कारखान्याचे बॉयलर पेटले आणि आम्ही गाणं सोडलं. रोजचं ऐकणं पन्नास-साठच्या घरात होतं. शहरातल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण शहरांची यादी उघडली की त्यात माणसं दिसायची. सोलापूर होतं, पंढरपूर होतं. पुणे सगळ्यात वर होतं, कारण आमच्या तालुक्यातली पोरं हडपसर-चाकणला कंपन्यांत कामाला आहेत. एक दिवस यादीत बीड दिसलं आणि पोरगा उड्या मारायचाच बाकी राहिला. "दादा, टोळीवाल्यापर्यंत पोचलं की ओ गाणं!" ज्यांच्यावर गाणं लिहिलं त्यांनीच ते ऐकलं, हे त्याला त्या एका नावावरून कळलं. आकड्याची किंमत मला तेव्हा खरी कळली.

पुढं एका सकाळी आलेखाची रेघ एकदम उभी चढलेली दिसली. पन्नास-साठवरून थेट हजारोंवर. मी शहरांची यादी उघडली. पुणे, सोलापूर खाली गेलेले, आणि वर परदेशातली नावं. त्यात एक होतं अ‍ॅशबर्न. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं हे गाव मोठमोठ्या डेटा सेंटरसाठी जगभर ओळखलं जातं. तिथं माणसांपेक्षा यंत्रं जास्त ऐकतात हे या कामातल्या लोकांना ठाऊक असतं. आणखी खुणा होत्या. ऐकणारी खाती थोडी आणि ऐकणं प्रचंड. एवढ्या हजारांत गाणं आपल्या यादीत जपून ठेवणारा एकही नाही. कुणी नाव टाकून शोधलेलं नाही, गायकाच्या पानावर कुणी आलेलं नाही. सगळं ऐकणं एकाच प्लेलिस्टमधून आलेलं. ती उघडली तर झोप लागण्यासाठी लावायच्या मंद पियानोच्या तुकड्यांची यादी होती, आणि त्यात मध्येच आमची हलगी. माणसानं केलेल्या यादीत असं होत नाही.

मी त्याच दिवशी सगळे स्क्रीनशॉट काढले आणि गाणी अ‍ॅपवर पोचवणाऱ्या आमच्या डिस्ट्रिब्युटरला कळवलं, की हे ऐकणं आमचं नाही, ही यादी आम्ही ओळखत नाही, आम्ही कुणालाही पैसे दिलेले नाहीत. साच्यातलं उत्तर आलं, की आपली तक्रार मिळाली. त्यानंतर बरेच दिवस काहीच नाही. मग आलं ते थेट निकालपत्र. गाण्यावर कृत्रिम ऐकणं आढळल्यामुळं ते सगळीकडून काढलं आहे, त्या काळातली रक्कम रोखली आहे, दंड लागल्यास तो खात्यातून वळता होईल, आणि पुन्हा असं घडल्यास खातं बंद करण्यात येईल. माझ्या आधीच्या कळवण्याचा त्यात उल्लेखही नव्हता. त्या खात्यात भजनी मंडळांचे अभंग होते, भीमगीतं होती, गोंधळ्यांची कवनं होती. एका गाण्यावरच्या संशयानं सगळ्यांवर टांगती तलवार आली.

संध्याकाळी पोराचा फोन आला. "दादा, लिंक उघडंना. गाणं कुठं गेलं?"

"कंपनीनं काढलंय. म्हणतात, खोटं ऐकवलंय."

"कुणी? म्या तर एक रुपाया कुणाला दिला न्हाई."

मला माहीत होतं, पण गावाला कसं पटवायचं? ज्यांनी स्टेटसला गाणं ठेवलं होतं त्यांच्या लिंक मेल्या. ज्या पोरांनी त्यावर रील केले होते त्यांचे आवाज गेले. पारावर बोलणं सुरू झालं, की विकत घेतले असतील व्ह्यू, म्हणून तर काढलं. यात्रा कमिटीनं त्याला ऑर्केस्ट्रात दोन गाणी म्हणायला बोलावलं होतं, ते हळूच दुसऱ्याला दिलं. रोखलेली रक्कम किरकोळ होती. पण ज्याची चूक नाही त्याच्या नावाला लागलेला डाग किरकोळ नव्हता.

असं का होतं, हे कळायला या धंद्याचं गणित समजून घ्यावं लागतं. बहुतेक अ‍ॅपवर ऐकण्याला ठरलेला दर नसतो. वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे एकत्र जमा होतात, त्यातला मोठा हिस्सा गाण्यांच्या हक्कदारांसाठी बाजूला काढला जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा टक्का तेवढा त्याला वाटा मिळतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं धरतात. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे काट्यावरून कळेल. समजा कारखान्यानं वाटायची रक्कम आधीच ठरवली आणि वाटणी फक्त काट्यावरच्या वजनानं करायची म्हटलं. कुणी ट्रॉलीत उसाखाली दगड भरून आणले, तर त्याची झळ कारखान्याला लागत नाही. रांगेतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पावतीतून ती कापली जाते. खोटं ऐकणं म्हणजे हेच दगड. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये अहवाल दिला, की २०२१ या एका वर्षात त्या देशात १ ते ३ अब्ज ऐकणी खोटी होती, म्हणजे एकूण ऐकण्याच्या १ ते ३ टक्के. हा पैसा कुणाच्या तरी खऱ्या गाण्यातून गेला.

मोठ्या प्रमाणावर ही चोरी कशी चालते याचा तपशील अमेरिकेतल्या एका खटल्यातून जगापुढं आला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या मायकेल स्मिथ याच्यावर आरोप ठेवले. आरोपपत्रानुसार त्यानं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लाखो गाणी बनवून घेतली आणि ती बॉटकडून वाजवून १ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उचलली. त्याच्या एका हिशेबात ५२ क्लाउड खाती होती, प्रत्येकात २० बॉट, म्हणजे १,०४० ऐकणारे. प्रत्येकानं दिवसाला सुमारे ६३६ गाणी वाजवायची, म्हणजे रोजची ६,६१,४४० ऐकणी. यातली मेख अशी, की ऐकणं एका गाण्यावर ओतायचं नाही, लाखो गाण्यांवर पातळ पसरायचं. म्हणजे कुठलंच गाणं डोळ्यांवर येत नाही.

आमच्या पोराचं गाणं सापडलं ते याच लपवाछपवीत. प्लेलिस्ट विकणारे लोक गिऱ्हाइकाची गाणी उघडी दिसू नयेत म्हणून मध्ये अनोळखी, खरी गाणी पेरतात. बॉटनं फक्त पैसे भरलेलीच गाणी वाजवली तर चाळणीत लगेच अडकेल, म्हणून तो वाटेत भेटणारी दहा दुसरी गाणीही वाजवतो. चोराला आडोसा म्हणून जे गाणं वापरलं, त्याच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. आणि कारवाई होते तेव्हा चोर नव्या नावानं नवी यादी काढून मोकळा झालेला असतो. मागं राहतो तो खऱ्या नावानं, खऱ्या बँक खात्यानं बसलेला कलावंत.

त्यात नियम असा, की लहानाला तो जास्त लागतो. स्पॉटिफायनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की ज्या गाण्यांवर उघडउघड कृत्रिम ऐकणं सापडेल त्यांच्यामागं लेबल आणि डिस्ट्रिब्युटर यांना दंड बसेल. गाण्याचं ९० टक्क्यांहून जास्त ऐकणं खोटं असेल तर महिन्याला गाण्यामागं १० युरो, असं त्याचं स्वरूप समोर आलं. डिस्ट्रिब्युटर तो दंड खाली कलावंतावर ढकलतो किंवा कटकट नको म्हणून गाणंच काढून टाकतो. कागदावर हा नियम सगळ्यांना सारखा आहे. आता हिशेब करून बघा. दिवसाला साठ खरी ऐकणी म्हणजे महिन्याला अठराशे. त्यावर कुणी वीस हजार खोटी ऐकणी ओतली तर खोट्याचं प्रमाण झालं ९१ टक्क्यांच्या वर. गाणं गेलं. तीच वीस हजार ऐकणी महिन्याला एक कोटी वेळा ऐकल्या जाणाऱ्या गाण्यावर पडली तर प्रमाण होतं ०.२ टक्के. त्या गायकाला कळणारही नाही, कंपनीला विचारावंसं वाटणार नाही. तेवढीच घाण, पण मोठ्याच्या अंगावर ती दिसतही नाही आणि लहान तिच्यात बुडतो. गाणं जितकं लहान, तितकं ते दुसऱ्याच्या गुन्ह्यात गुन्हेगार ठरण्याची शक्यता जास्त. ही गोष्ट मला कुठल्याही दंडापेक्षा जास्त सलते.

आपल्याकडं हा बाजार किती उघडा आहे हे मुंबईनं २०२० मध्ये पाहिलं. गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावानं खोटं इन्स्टाग्राम खातं काढलं गेल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं तपास सुरू केला आणि पैसे घेऊन खोटे फॉलोअर, लाइक आणि व्ह्यू पुरवणाऱ्यांचं जाळं समोर आलं. त्याच तपासात ऑगस्टमध्ये रॅपर बादशाह याची चौकशी झाली. त्याच्या 'पागल' या गाण्याला २०१९ मध्ये एका दिवसात साडेसात कोटी व्ह्यू मिळाल्याचा दावा झाला होता. ७.२ कोटी व्ह्यूंसाठी ७२ लाख रुपये मोजल्याची कबुली त्यानं दिली, असं पोलिसांच्या हवाल्यानं छापून आलं. बादशाहनं निवेदन काढून हे आरोप साफ नाकारले. यूट्यूबनं तो विक्रम मानला नाही, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जाहिरातीतून आलेले व्ह्यू पहिल्या दिवसाच्या विक्रमात धरायचे नाहीत असं ठरवलं. या प्रकरणाच्या बातम्या मोहोळच्या पोरांनीही वाचल्या. त्यातून त्यांनी काढलेला अर्थ मला आजही ऐकायला मिळतो: "मोठी माणसं बी असंच करत्यात ओ दादा, मग आपण केलं तर काय बिघडलं?" खोट्या आकड्यांनी केलेलं हे नुकसान कुठल्या अहवालात मोजलं जात नाही.

शिवाय लहान कलावंताला विकत घेण्याकडं ढकलणारा दुसरा नियमही आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर गाणं मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याचे पैसे मिळतात. यामागचं कारण खोटं नाही. रोज येणाऱ्या गाण्यांच्या ढिगात पैशा-पैशाचा हिशेब पाठवणं कुणाला परवडत नाही. पण नवख्या गायकाला ही हजाराची ओळ सतत डोळ्यांपुढं दिसत राहते. नेमकं तिथंच दलाल उभे असतात. गाणं सोडलं की दोन-तीन दिवसांत इन्स्टाग्रामवर मेसेज येतो. गाणं ऐकलं, फार आवडलं, आमच्याकडं पॅकेज आहे, व्ह्यू शंभर टक्के ऑरगॅनिक, हजार पार करून देण्याची गॅरंटी. पाठवणाऱ्यानं गाणं ऐकलेलं नसतं. भजनी मंडळाच्या हरिपाठालाही "भावा, बीट एक नंबर" असं म्हणणारा मेसेज मी वाचला आहे.

आमच्या ओळखीतल्या एका गायकानं असं पॅकेज घेतलं. लग्नसराईत वाजवून साठवलेले पैसे त्यात घातले. आकडा फुगला, चार दिवस गावभर कौतुक झालं. त्यानंतर अ‍ॅपनं ती ऐकणी वजा केली. त्याहून वाईट पुढं घडलं. कुणाला कुठलं गाणं सुचवायचं हे अ‍ॅप आधीच्या ऐकणाऱ्यांवरून ठरवतं. त्याचे आधीचे ऐकणारेच यंत्रं होती, त्यामुळं गाणं पंढरपूर-बार्शीच्या माणसाला सुचवायचं सोडून भलतीकडंच जात राहिलं. नवीन गाणं काढलं तरी ते उठेना. त्याला दोष देऊन मी बाजूला होऊ शकत नाही. घरच्यांनी "गाण्यानं पोट भरतं का" असं रोज विचारलं की माणूस कुठल्या तरी आकड्याचा आधार शोधतो, आणि तो आधार त्याला कुणी तरी पुरवणारच असतो.

गेल्या दोन वर्षांत यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा पूर आला. डीझर या फ्रेंच कंपनीनं २०२५ मध्ये सांगितलं, की पूर्णपणे यंत्रानं बनवलेल्या गाण्यांवरची सुमारे ७० टक्के ऐकणी फसवी होती, म्हणजे गाणारं यंत्र आणि ऐकणारंही यंत्रच. स्पॉटिफायनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, की १२ महिन्यांत साडेसात कोटी स्पॅम गाणी काढून टाकली. कंपन्यांच्या चाळण्या बारीक झाल्या त्या यामुळं, आणि व्हायलाच हव्या होत्या. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसच्या न्यायालयानं २०२४ मध्ये खोट्या ऐकण्यातून रॉयल्टी उचलणाऱ्या एकाला दोषी ठरवून १८ महिन्यांची शिक्षा सुनावली. तो खरा न्याय, कारण तिथं पुरावा मांडला गेला आणि आरोपीला बाजू मांडायला मिळाली. आमच्या पोराला यातलं काहीच मिळालं नाही. कुठल्या ऐकण्यावरून संशय आला, ते कुठून आलं, आम्ही आधी कळवलं होतं त्याचं काय झालं, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. अपील करायला इंग्रजीतला एक फॉर्म, आणि त्याला परत तेच साच्यातलं उत्तर.

शेवटी आम्ही गाणं दुसऱ्या वाटेनं परत चढवलं. आकडा शून्यापासून सुरू झाला. बीड परत यादीत यायला वेळ लागला. आण्णांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या टायमाला गर्दी भाड्यानं आणत्यात म्हणून फडवाल्यावर आळ यायचा. पर आळ घेणारा समूर उभा असायचा. इथं कुणाला इचारायचं?" सगळ्या प्रकरणातलं नेमकं दुखणं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर माझ्या कामाची रीत बदलली. सोमवारी सकाळी चहाच्या आधी सगळ्या गाण्यांची शहरं बघतो. ओळख नसलेल्या शहरातून ऐकणं वाढलं, किंवा एकाच खात्यावरून ढिगानं आलं, की त्याच दिवशी पुरावे काढून अ‍ॅपला आणि डिस्ट्रिब्युटरला दोघांनाही कळवतो आणि त्या मेलच्या प्रती कलावंताच्या नावानं ठेवतो. रेकॉर्डिंगच्या मूळ फाइल, गीतकाराचा सहीचा कागद, सोडल्याची तारीख, हे सगळं एका जागी असतं. पॅकेजचा मेसेज आलेला पोरगा आधी मला दाखवतो. ज्यांचे शब्द आणि चाल स्वतःची आहे त्यांना मी १९६९ पासून काम करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्यायला लावतो, कारण २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणाला सहज हिरावून घेता येत नाही, आणि सगळी भिस्त एका अ‍ॅपच्या आकड्यावर राहत नाही. पैसे घेऊन खोटे व्ह्यू देणाऱ्यानं कुणाला गंडवलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगतो. रक्कम लहान असते म्हणून लोक लाजतात. लाजू नये. दलालांचा धंदा अशा लहान रकमांवरच उभा आहे.

पण हे सगळं आम्ही केलं तरी अर्धंच आहे. बाकीचं अर्धं ज्यांच्या हातात चाळणी आहे त्यांनी करायचं आहे. गाणं काढण्याआधी कलावंताला कळवा आणि उत्तर द्यायला मुदत द्या. ज्यानं स्वतःहून आधी तक्रार केली त्याला आरोपीच्या रांगेत उभं करू नका. प्लेलिस्ट कुणाची, पैसे कुणी घेतले याचा माग काढा, कारण तो माग कंपनीलाच काढता येतो, मोहोळमधल्या ट्रॅक्टरवाल्याला नाही. टक्केवारीबरोबर गाण्याचा आकारही बघा. नोटीस मराठीत द्या. वर्गणी मराठी माणसाकडून घेता, जाहिराती मराठीत दाखवता, मग आरोप तेवढा इंग्रजीत का?

आणि एक साधी गोष्ट. गाण्याचं ९० टक्के ऐकणं खोटं आहे असं ज्या यंत्रणेनं ठरवलं, तिनं उरलेलं १० टक्के खरं आहे हेही त्याच मोजणीत ठरवलेलं असतं. पुण्यातली, सोलापूरची, बीडची ती ऐकणी खरी होती हे कंपनीच्या वहीतच लिहिलेलं आहे. मग खोटं खुशाल वजा करा, चोराला शोधून शिक्षा करा, पण ते १० टक्के आणि त्यावर उभं असलेलं गाणं जागेवर राहू द्या. ते गाणाऱ्यानं कमावलेलं आहे, आणि दुसऱ्याच्या चोरीपायी ते काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.